शेजारची सीट

वहिनींचा फोन आला तेव्हा फोरमन ओट्यावर बसून शेजाऱ्याचा मिक्सर जोडून देत होता. शेजाऱ्याने तो आधी स्वतःच उघडून पाहिला होता. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय. फोरमन एकेक स्क्रू बसवत होता आणि दर स्क्रूमागे जीभ टाळूला लावून बारीकसा आवाज काढत होता, "च्च." शेजारी बिचारा उभ्या उभ्या विरघळत होता.

ही फोरमनची जुनी खोड. वर्कशॉपमध्ये हाताखालचे लोक त्याच्या शिव्यांना भीत नसत, कारण शिव्या तो देतच नसे. ते त्या आवाजाला भीत. तो निवृत्त झाला आणि तो आवाज घरी आला. भाजीत मीठ कमी पडलं की च्च. बायको शिवणकाम करायची, तिची शिवण केसभर वाकडी गेली की च्च. एका शब्दाचाही खर्च नाही आणि समोरच्याचा पार पालापाचोळा.

"भाऊजी, ती जीप घेऊन जाता का?" वहिनी फोनवर म्हणाल्या. "हे गेल्यापासून शेडमध्ये नुसती उभी आहे. तुमचा हात फिरला तर चालेल. मी चालवायला शिकेन म्हणते."

"तुम्ही?" फोरमन हसला. "शिका, शिका. दादापेक्षा वाईट तर काही चालवणार नाही."

दादा, म्हणजे फोरमनचा थोरला भाऊ. जीप मुळात त्यांच्या वडिलांची, आप्पांची. आप्पांनी दोघा मुलांना तिच्यावरच गाडी शिकवली. स्वतः शेजारच्या सीटवर बसायचे, गालात लवंग धरून. धाकट्याचा हात पहिल्या दिवसापासून बसलेला. थोरल्याचा गिअर अडायचा, क्लच सुटायचा, आणि आप्पा त्याला धांदल्या म्हणायचे. घरात ते नावच पडलं. पुढे आप्पांच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखान्यात न्यायला हाच धांदल्या स्टेअरिंगवर होता. चढावर गिअर अडकला आणि आप्पा वाटेतच गेले. फोरमन तेव्हा कामावर होता. "मी असतो तर पोचलो असतो," हे वाक्य त्याने भावाला आयुष्यभर कधी तोंडावर ऐकवलं नाही. बाकी सगळ्यांना ऐकवलं.

वहिनींच्या शेडमधली जीप पाहून त्याला कीवच आली. बॉनेट तारेने बांधलेलं, दाराच्या कडीत लाकडाची पाचर. हे समजण्यासारखं होतं. दादाचे हात ते. पण चालकाच्या शेजारची सीट काढून तिथे स्टेपनी बसवलेली. जाड बोल्ट, वर वेल्डिंगचे टाके. आणि आतला आरसा काळ्या ऑइलपेंटने रंगवलेला.

"हे काय नाटक?" त्याने विचारलं.

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ते म्हणायचे, शेजारी कुणी असलं की माझा हात चुकतो."

"आणि तुम्ही कुठे बसायचात?"

"मागे. कायमच मागे."

"सीट फेकली?"

"फेकायला काही तयार झाले नाहीत. माळ्यावर आहे. राहू दे ना भाऊजी ती तिथेच."

सीट जुन्या चादरीत गुंडाळून दोरीने करकचून बांधली होती आणि तिचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. फोरमनने ती खाली ओढली आणि म्हणाला, "वेड्यांचा बाजार आहे नुसता."

जीप त्याने आपल्या घरामागच्या शेडमध्ये आणली. बायकोला, शेजाऱ्यांना, जुन्या वर्कशॉपच्या दोस्तांना सांगून टाकलं, की येत्या महिन्यात एका रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं. पहिल्या किल्लीला इंजिनने धरलं नाही तर नाव बदलीन. बोलणं मोठं होतं, पण हात तसेच होते. घर बायकोने चालवलं, मुलगा दूर राहून क्वचित बोलायचा, दोस्त जेवणापुरते. फोरमनकडे आपलं म्हणावं असं एवढंच होतं, ते दोन हात. ते कधी चुकले नव्हते.

पहिले काही दिवस झकास गेले. गंज खरवडला, चॅसी धुतली, मडगार्ड ठोकून सरळ केलं. दादाची एकेक करामत निघाली की तो ती बायकोला दाखवायला नेई. "बघ, ही पाचर. आणि हे म्हणे गाडी सांभाळत होते." बायको हातातलं शिवणकाम न सोडता म्हणे, "चालत होती ना पण?" त्यावर च्च.

मग त्याने वेल्डिंग कापून स्टेपनी काढली, सीटला नवं रेग्झिन चढवलं आणि ती मूळ जागी नव्या बोल्टांनी बसवली. आरशावरचा काळा रंग पात्याने खरवडून काढला. काच खाली अगदी कोरी निघाली.

रंगकामाच्या दुपारी धूळ नको म्हणून त्याने शटर पूर्ण ओढलं. बाहेर लख्ख ऊन, आणि आत एका पिवळ्या दिव्याचा उजेड. थिनरचा उग्र वास नाकात भरलेला. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पहिला हात वाळेपर्यंत तो कार्बोरेटर घेऊन स्टेअरिंगमागे बसला. पेट्रोल सोडणारा बारीक पितळी जेट, स्क्रूसारखा बोटांच्या टोकांनी फिरवायचा. असे त्याने आयुष्यात किती बसवले असतील.

"च्च."

त्याची बोटं थबकली. बॉनेटचा पत्रा असेल. तापलेला पत्रा निवताना असा वाजतो. पण पत्रा तापायला इंजिन सुरू व्हावं लागतं, आणि ते अजून सुरूच कुठे झालं होतं... त्याने जेट पुन्हा धरला. जेट तिरका चढला. पितळेचे आटे किरकिरले आणि मेले.

फोरमन त्या तुकड्याकडे बघत राहिला. शिकाऊ पोरं करतात ही चूक. थिनरच्या वासातून दुसरा एक वास हळूच वर येत होता. गोडसर, झणझणीत. ओळखीचा होता, पण नाव आठवेना.

त्याने वर पाहिलं. आरसा त्याने सकाळी स्वतःच्या नजरेला बसवला होता, मागची काच दिसेल असा. आता त्यात शेजारची सीट दिसत होती. म्हणजे त्या सीटवर कुणी असतं तर त्याला आरशात फोरमनचा चेहरा दिसला असता. सबंध चेहरा.

सीट रिकामी होती. फक्त नवं ताठ रेग्झिन मधोमध खोलगट झालं होतं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिलाच विचारलं, "या सीटवर कोण बसलं होतं?"

"मला विचारता? मला कधी बसवलंत गाडीत?" ती म्हणाली. मग नाक किंचित वर करून म्हणाली, "लवंग खाताय की काय?"

"मी कधी खातो?"

"नाही, तेच म्हटलं."

त्या दिवसापासून त्याचं काम बिघडलं. पाना घसरला, वॉशर उलटा बसला, ब्रेकची नळी दोनदा गळली. दर वेळी आधी तो आवाज, अगदी कानाजवळ, घाई नसलेला. आधी आवाज आणि मग चूक. म्हणजे आवाज करणाऱ्याला चूक आधीच माहीत होती. फोरमन वळून बघायचा नाही. वळून बघणं हे धांदल्यासारख्या माणसाचं काम. त्याने आरसा घट्ट आवळला. दुसऱ्या दिवशी आरसा पुन्हा सीटकडे वळलेला.

तरी जीप उभी राहिली. रविवारी सगळे आले. वहिनी आणि बायको मागे बसल्या, दोस्त अंगणात खुर्च्या टाकून बसले.

"फोरमन, नाव काय ठेवायचं तुझं, ठरवून ठेवलंय आम्ही," एकाने चिडवलं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिनने लगेच धरलं. टाळ्या पडल्या. त्याने क्लच दाबला, हात गिअरवर ठेवला, आणि आरशात त्या रिकाम्या सीटवरची हवा जरा जाड झाल्यासारखी वाटली...

"च्च."

गिअर अडला. त्याने जोर लावला. गिअर पडला तो भलताच. जीप उसळी मारून मागे गेली आणि शेडच्या भिंतीवर आपटली. मागचं, ठोकून सरळ केलेलं मडगार्ड पुन्हा दुमडलं. अंगणात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मागे बायको डोक्याला हात लावून बसली होती. वहिनी मात्र हललेल्याही नव्हत्या. त्या शेजारच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या.

"ऐकलंत तुम्ही?" माणसं पांगल्यावर त्याने त्यांना हळूच विचारलं.

"भाऊजी, सीट निघेपर्यंत मी ते वर्षानुवर्षं ऐकलंय."

"दादाने कधी सांगितलं नाही."

"कुणाला सांगणार? तुम्हाला?" वहिनींच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "त्या दिवशी चढावर मीही होते, मागे. आप्पा शेजारच्या सीटवर, मान कलत चाललेली. यांनी विचारलं, आप्पा, काही बोलायचंय का... ते बोलले नाहीत. यांच्या हाताकडे बघितलं आणि तो आवाज केला. त्यातच गेले."

फोरमन दुमडलेल्या मडगार्डवरून हात फिरवत राहिला.

"यांचा हात चांगला होता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सीट काढल्यावर यांनी तोच चढ कितीदा पार केला. कधी अडले नाहीत."

दुसऱ्याच दिवशी त्याने नवे बोल्ट उलट फिरवले. सीट बाहेर काढून शेडबाहेर आपटली. स्टेपनी जुन्या जागी ठेवून वेल्डिंगचे टाके मारले, थोरल्याने मारले होते अगदी तसेच. काळ्या रंगाचा डबा आणून आरसा रंगवला, कडेला काचेची रेघही राहू दिली नाही.

"ती सीट भंगारवाल्याला दे," त्याने बायकोला बजावलं. "आजच."

आणि गाडी अशी चालली म्हणता, लोणी. गिअर बोटाने ढकलावा आणि पडावा. तो वहिनींकडे गेला, त्यांना स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसला. वहिनींनी फाटकापर्यंत गाडी नेली. दोनदा बंद पडली. त्याची जीभ टाळूकडे उचलली गेली, पण त्याने ती दातांखाली धरली.

"जमेल," तो म्हणाला. हा शब्द त्याने कुणाला शेवटचा कधी म्हटला होता, आठवेना.

दिवे लागायच्या वेळी तो पायीच घरी परतला. खूप दिवसांनी खांदे हलके वाटत होते. दार लोटलेलंच होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज आला, चार टाके, की बंद. पुन्हा चार टाके, की बंद. बायको असं कधी शिवत नसे. तिची मशीन एकदा सुरू झाली की कापड संपेपर्यंत चालायची.

तो दाराच्या चौकटीत थांबला. ती पाठमोरी बसली होती. पायाशी उसवलेल्या कापडाचा ढीग. बोटाला चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर लाल ठिपका. आणि मशीनच्या शेजारी, लाकडी खोक्यावर, ती सीट. नव्या रेग्झिनची, स्वच्छ पुसलेली.

"भंगारात देववेना हो," पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली. वळली मात्र नाही. "इतकी चांगली सीट. म्हटलं, कुणी माझ्याजवळ येऊन बसलं तर बसायला होईल." मग तिचा आवाज भरून आला. "पण दुपारपासून पाठीमागून तुमचं नुसतं च्च, च्च. एक टाका नीट पडू दिला नाहीत. काय चुकतंय, ते एकदा तरी तोंडाने सांगा ना..."

मी आत्ताच येतोय, असं त्याला म्हणायचं होतं. पण जीभ टाळूला चिकटली होती, सुटत नव्हती, आणि तोंडभर लवंगेची चव होती.