पहिल्या दिवसाचा खोका

"हे खोके रिकामे आहेत का?"

मी कोणाला विचारतेय हे मलाही धड दिसत नव्हतं. जिन्याच्या बाजूला भिंतीत एक मोठी चौकोनी पोकळी होती, तिच्या तळाशी खड्डा, आणि खड्ड्यातून फक्त एक डोकं वर आलेलं. डोकं काहीतरी पिळण्यात गुंतलं होतं.

"कशाला हवेत?" डोक्याने विचारलं.

"घर न्यायचंय त्यातून. चौथ्या मजल्यावर."

आता त्याने वर पाहिलं. गालावर काळ्या ग्रीसचा पट्टा, आणि डोळे... जाऊ दे. डोळ्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलेय मी. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग परत माझ्याकडे.

"चौथ्या? लिफ्ट नाहीये अजून."

"ते दिसतंय. तिच्या जागी तुम्ही उभे आहात."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. हात पुसून वर आला आणि लिफ्टच्या भागांचे ते जाडजूड, चांगले खोके एकात एक बसवून माझ्यापुढे ठेवले. पण सोडले नाहीत. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"एक अट आहे. कापायचे नाहीत. सामान लागलं की टेप सोडवायची, घडी घालायची आणि मला परत."

"एवढा जीव खोक्यांवर?"

"मला लागतात ना. लिफ्ट चालू झाली की कंपनी दुसरीकडे पाठवते. दुसरीकडे म्हणजे कुठेही. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टोकाला."

बघा, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं त्याने. मला अंधारात ठेवलं असं कोणी म्हणू शकत नाही, मीसुद्धा नाही. नेमका त्याचाच राग येतो.

घर का सोडत होतो, तेही सांगते. बाबा गेले, आणि दादाने मोठं घर विकायला काढलं. आमच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. आईचे गुडघे जिना चढण्याच्या पलीकडे गेले होते. "लिफ्ट काय, होईलच आता," असं बिल्डर म्हणाला होता. दादाने ते ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सुट्टीच्या दिवशी तो आणखी खोके घेऊन आमच्या जुन्या घरी आला. नुसते द्यायला म्हणून आला आणि बाही दुमडून बसला. मी ताटल्या एकावर एक रचत होते.

"उभ्या ठेव," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "आडव्या रचल्या की सगळ्यांचं वजन खालच्या एकीवर. उभ्या असल्या की जी ती आपापलं सांभाळते."

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काच कशी सांभाळायची ते मला शिकवू नकोस."

"मग पुस्तकं एवढ्या मोठ्या खोक्यात का भरलीस? उचलून दाखव."

मी उचलायला गेले. खोका जागचा हलला नाही. आई खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. पुस्तकं लहान खोक्यांत गेली, उशा आणि चादरी मोठ्या. पण तो वाकून खोका उचलायला लागला तेव्हा मी त्याला ओरडले, "कंबरेतून नाही, गुडघ्यातून." आईच्या डॉक्टरांनी सांगून सांगून पाठ झालं होतं. त्याने निमूटपणे गुडघे वाकवले.

शेवटी त्याने एक छोटा खोका वेगळा काढला.

"हा पहिल्या दिवसाचा. चहापत्ती, साखर, पातेलं, काकूंच्या गोळ्या, एक बल्ब, कात्री, एक चादर. हा ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायचा, म्हणजे सगळ्यात आधी उतरतो. नव्या घरात माणूस दमलेलं असतं, रडायला आलेलं असतं. तेव्हा बाकी काही सापडलं नाही तरी चालतं. हा सापडला पाहिजे."

"तुला येतं रडायला?"

त्याने टेपचं टोक शोधण्याचं नाटक केलं. ते माझ्या बोटाखाली होतं, त्यालाही ते माहीत होतं. "कप किती घालू?" त्याने विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "आई चहा पीत नाही."

त्याने निळ्या काठाचे दोन कप कागदात गुंडाळले. फार सावकाश गुंडाळले.

सामान हलवलं त्या दिवशी पाऊस होता. खोक्यांवर प्लास्टिक टाकून आम्ही पळत होतो, हमाल वैतागले होते, आणि आईला खुर्चीत बसवून त्याने आणि एका हमालाने चार मजले वर नेलं. वर पोचल्यावर आई म्हणाली, "आता लिफ्ट आल्याशिवाय मी काही खाली उतरत नाही बाबा." ती गमतीने बोलली होती, पण शब्द खरा झाला.

संध्याकाळी आई झोपली. घरभर खोके, मधे बसायला जागा नाही. पहिल्या दिवसाचा खोका रिकामा करून आम्ही उलटा घातला आणि त्यावर कप ठेवले. बाहेर पाऊस... आत नवा बल्ब. मला खरंच रडायला आलं होतं. त्याने कप माझ्याकडे सरकवला.

"काय गं चौथा मजला," तो जरा वेळाने म्हणाला, "साखर विसरलीस."

मला तो त्याच क्षणी आवडला. आधीपासून आवडत असेल, पण कळलं तेव्हा.

मग तो रोजच चहाला यायला लागला. मला चौथा मजला म्हणायचा, मी त्याला लिफ्टवाला. दुकानातून मी परत यायचे तेव्हा तो पोकळीत कुठेतरी लोखंडी पट्ट्या बसवत लटकलेला असायचा, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, "दमलीस ना? तुझी चप्पल दुसऱ्या मजल्यावर दमते, मला ऐकू येतं." कधी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भेटायचा. तिथला दिवा सतत गेलेला असायचा. तिथेच एकदा त्याने माझा हात धरला, आणि मग स्वतःचाच हात बघत म्हणाला, "ग्रीस लागलं तुला." मी म्हटलं, "लागू दे."

खोक्यांचं सांगायचं राहिलंच. सामान लागलं तशी मी टेप सोडवली, घड्या घातल्या, कपाटामागे सरळ उभे केले. सगळं त्याच्या अटीप्रमाणे. मग आईच्या पायाखाली घ्यायला काही हवं होतं म्हणून एका खोक्यात जुन्या चादरी ठासून, वरून कापड शिवून तिला पाय ठेवायला बैठक केली. एकच तर खोका, म्हटलं. नंतर दुसऱ्याच्या पट्ट्या कापून ड्रॉवरमध्ये कप्पे केले. तिसऱ्याचं चपलांचं स्टँड झालं. त्याने ते पाहिलं आणि डोळे वटारले.

"कापू नको म्हटलं होतं ना?"

"उरलेले आहेत रे."

"उरलेले नाहीत. माझे आहेत."

मी हसण्यावारी नेलं आणि पुढच्या आठवड्यात चौथा कापला. दादाची मुलगी आली तर खेळायला घर हवं, म्हणून. दादाची मुलगी आमच्याकडे कधी येत नाही. खिडक्या पाडल्या, दार केलं, दाराला मूठसुद्धा लावली. खोकेच नसतील तर माणूस जाणार कसा, असा काहीतरी वेडा हिशेब माझ्या डोक्यात होता. तो कोणाला बोलून दाखवण्यासारखा नव्हता. म्हणून एकेक करत बाकीच्यांवरही कात्री चालवत होते.

खाली लोक कुरकुरत होते, लिफ्ट कधी होणार, लिफ्ट कधी होणार. एकदा मोटर आली ती प्रवासात आपटून पोचा पडलेली. परत पाठवावी लागली. मी ते ऐकून आनंदाने जिना चढले, पहिल्यांदाच दुसऱ्या मजल्यावर न दमता. दार उघडलं तर आई खिडकीशी बसलेली. खालच्या रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती आणि ती वरून वांगी बघत होती.

"काय म्हणाला गं तो? कधी होतेय?"

"वेळ लागेल आई."

"असू दे," ती म्हणाली आणि गुडघा चोळत बसली. "खाली जाऊन तरी काय करायचंय."

मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. पण लिफ्ट लवकर व्हावी असं तरीही वाटलं नाही, हे खरं आहे.

झाली एकदाची. सगळी इमारत खाली जमली. त्याने आईला आधी बोलावलं. "पहिला मान काकूंचा." आई साडी बदलून, केस विंचरून तयार झाली होती. दार सरकलं, ती आत गेली, बटण दाबलं, आणि ती खाली गेली. मी जिन्याने धावत उतरले. ती दारातून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती रस्त्यापर्यंत चालत गेली, भाजीच्या गाडीशी थांबली, आणि वांगी हातात घेऊन उगाच उलटसुलट बघत राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. शाबासकी हवी होती त्याला. मी दिली. काय करणार?

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. पावलं ऐकू आली नव्हती, कारण तो लिफ्टने आला होता.

"खोके," तो म्हणाला. "परवा निघायचंय."

मी बाजूला झाले. त्याने आत येऊन सगळं पाहिलं. आईची पायाखालची बैठक, चपलांचं स्टँड, खिडक्यांचं घर. त्या घराच्या दाराची मूठ त्याने दोन बोटांनी धरून दार उघडलं, बंद केलं. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सगळे?" त्याने विचारलं.

"सगळे. तो एक सोडून." पहिल्या दिवसाचा खोका कोपऱ्यात जसाच्या तसा होता. त्याला कात्री लावायला हात धजला नव्हता.

शेवटच्या भागांचे खोके खाली होते, त्यातच त्याचं भागलं. मी खाली, तळमजल्यावर त्याला राहायला दिलेल्या खोलीवर बांधाबांध करायला गेले. थोडंसंच सामान. पुस्तकं लहान खोक्यात, ताटल्या उभ्या. आता मला काही शिकवावं लागत नव्हतं. टेपच तेवढी कर्रकन ओरडत होती.

शेवटी मी पहिल्या दिवसाचा खोका पुढे ओढला. चहापत्ती, साखर, पातेलं, बल्ब, कात्री. तो खोका आणि निळ्या काठाचे कप मी वरून आणले होते.

"दोन घालू?" मी विचारलं.

मी काय विचारतेय ते त्याला कळलं. त्याच्या हातातली टेप तशीच राहिली. बाहेर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबलं, ती वर गेली, थांबली, परत खाली आली.

"एकच घाल," तो म्हणाला.

मी दुसरा कप हातात धरून बसले. "का?"

"माझी आई आयुष्यभर बाबांच्या मागे खोके भरत राहिली. एका घराचे पडदे दुसऱ्याला कधी बसले नाहीत. तुला तसं नाही करणार मी. आणि काकूंना सोडून येशील?"

"मला विचारलंस तू? मी येणार की नाही ते मी सांगितलं असतं. हो की नाही, मी म्हटलं असतं."

"तू हो म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"मग राहा इथे."

"इथली लिफ्ट झाली गं."

"बंद पडतात लिफ्ट."

तो ओशाळवाणं हसला. "मी बसवलेली नाही पडत."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "ऐकून तरी जा."

"माहीत आहे," तो म्हणाला, "मलाही..." आणि वाक्य तिथेच सोडून टेप ओढली. अर्धवट सोडलेली ती एकच गोष्ट त्याची. बाकी सगळी कामं त्याने पूर्ण केली. सकाळी तो खोका ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढला. मी स्वतः चढवला, गुडघे वाकवून.

दुपारी आमच्या दाराबाहेर त्याच्याकडचे उरलेले खोके होते. घडी घालून, दोरीने बांधून, भिंतीला टेकवून ठेवलेले. ते मी कापले नाहीत. फेकलेही नाहीत. कपाटामागे पडून राहिले.

लिफ्ट छान चालते. आई रोज खाली जाते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, वर येऊन सांगते, "गुणी मुलगा हो, एकदाही बंद पडली नाही बघ." मी हो म्हणते. मी मात्र जिन्यानेच येते. आई विचारते का, तर म्हणते व्यायाम.

परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. लग्न ठरलंय, सासरी नाही, नवऱ्याबरोबर दूर कुठेतरी नवीन घर. तुमच्याकडे खोके आहेत असं काकू म्हणाल्या, म्हणाली. मी सगळे काढून दिले. पुस्तकं लहान खोक्यात भर, ताटल्या उभ्या ठेव, वाकू नकोस, गुडघे वाकव. एक खोका पहिल्या दिवसाचा, तो शेवटी चढव. ती मान हलवत ऐकत होती. कापले तर चालतील ना, काम झाल्यावर, तिने विचारलं. मी म्हटलं, तुझेच आहेत आता.

दारातून ती परत वळली. "ताई, त्या पहिल्या खोक्यात कप किती घालू?"

मागे फळीवर निळ्या काठाचा माझा एक कप होता.

"आधी त्याला विचार," मी म्हटलं. "मगच गुंडाळ."