मोठेबाबाच्या डब्ब्यातली हवा

जरा जवळ सरका, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाई ही. अन् मधात हसू नका. हसायचं काम शेखरनं करून ठेवलं हाय, त्याचंच तं सारं झालं.

शेखरनं टांडावरून तो जुना कम्प्यूटरचा डब्बा खाली काढला, तवा त्याच्या मनात काई पाप नव्हतं. पोट्टा हुशार होता, बस. रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्याचं घर, घरात तो अन् त्याची माय शारदाबाई. धंदा लग्नाच्या व्हिडिओ जोडायचा. नवरीचं रडनं, नवरदेवाचं घोडं, दारू पिलेल्या मामाचा नाच, साऱ्याले गानं लावून पिच्चर बनवून दे. तं अभनपुरच्या एका लग्नाचं काम चालू असतानीच त्याचा लॅपटॉप जळला. नवरीचा बाप रोज फोन करे, "भइया, हमर पिक्चर कब मिलही?" नवरात्राच्या आत दिलं नाई तं बाजारात नाव गेलं समजा.

मंग त्यानं नवे पुर्जे घेतले. मदरबोर्ड, अन् विटेवानी लांब ग्राफिक कार्ड. दुकानातच ठेवले, कारन तेवढ्यात पितरपाख लागला. अन् पितरपाखात शारदाबाईच्या घरात नवी वस्तू येत नाई. सुई बी नाई.

"मंग जुन्या डब्ब्यात भरून आनतो," शेखर मनात म्हने. "डब्बा जुना तं वस्तू जुनी!"

आता हा डब्बा कोनाचा, ते ऐका. शेखरचे मोठेबाबा, म्हंजे त्याच्या बापाचे मोठे भाऊ, शारदाबाईचे भासरे, गुलाबराव. नाव गुलाबराव, पन फूल कुठंच नाई, सारे काटेच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले अन् त्याईनं हा कम्प्यूटर घेतला. दिवसभर त्याच्यावर पत्ते खेळत. लहानपनी शेखरनं एकदा बटन दाबलं तं मोठेबाबानं त्याचं बोट दाराच्या फटीत धरलं अन् दार लावलं. भाऊ मेल्यावर भावजयीले तं त्याईनं लयच छळलं. तिनं केलेली भाजी तिच्या डोळ्यासमोर कुत्र्याले टाकत. पुसलेल्या फरशीवर गुडाखू थुंकत. गुडाखू म्हंजे ती तंबाखू अन् गुळाची काळी लेई, दातावर घासतात ना इकडे, तीच. दम्यानं छाती भात्यावानी वाजे, तरी म्हनत, "हे घर माह्यं हाय. मेलो तरी माह्यंच राहीन." दम्यानंच गेले, खुर्चीवर बसल्या बसल्या, डब्ब्यावर हात ठेवून. तो हात शारदाबाईनंच सोडवला. दोन्ही हातानं ओढून सोडवा लागला.

शेखर डब्बा घेऊन भनपुरीले गेला. तथी त्याच्या दोस्ताचं, विकीचं, लोखंडाचं वर्कशॉप. विकीनं डब्ब्यावर बोटं वाजवली.

"भाई, ये डब्बा है कि तिजोरी?"

"जुना माल हाय बे. तू बसला तरी वाकनार नाई."

दोघाईनं जुनं सामान उपसलं. रिबेटा तोडल्या, मधातली हार्डडिस्कची जाळी ग्राइंडरनं कापली, नाईतर ते लांबलचक कार्ड बसेच ना. मांगचा पत्रा नव्या बोर्डाच्या मापानं कातरला, पितळेचे पाय नव्या जागी ठोकले, मांगून एक मोठा पंखा बसवला. पंखा गरम हवा बाहेर फेकनारा. ग्राइंडर चालू असतानी विकीनं मधातच नाक वर केलं.

"गुड़ाखू कौन घिस रहा है बे?"

कोनीच नव्हतं. ठिनग्या उडून राहिल्या होत्या, अन् त्या जळक्या लोखंडातून तो वास येऊन राहिला होता.

"सामने भी जाली काट दे," विकी म्हने. "पीछे से फेंकेगा, पर हवा लेगा किधर से? दम घुट जाएगा इसका."

"समोर हात नाई लावायचा. आई तोंडावरूनच ओळखते. भोक दिसलं तं म्हनन नवीन आनलं."

"मम्मी को उल्लू बना रहा है?"

"मायले नाई बे. पितराईले!"

अन् दोघं बी हसले, पोट धरधरून.

घरी आला तं शारदाबाई दारातच. पितर बैठकीचा दिवस. आपल्यात असं नसते, पन शेजारच्या कलावतीबाईनं शिकवलं होतं तिले. उंबरठ्यापाशी शेणानं सारवायचं, तांदळाच्या पिठाचा चौक घालायचा, वर पिढा म्हंजे पाट, पान्याचा लोटा अन् दातून. पितर येतात, तोंड धुतात, पिढ्यावर बसतात. अन् अमावस्येले त्याईले निरोप द्यायचा, त्याले म्हनतात पितर खेदा.

"काय आनलं रे?"

"मोठेबाबाचा डब्बा. दुरुस्त केला."

"आत नवीन हाय ना काही?"

"पाह्य ना, हाच पिवळा डब्बा. नवीन कुठं दिसून राहिलं तुले?"

शारदाबाईनं डब्ब्याकडे पाह्यलं अन् तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. भासऱ्यासमोर जाय तसा.

"मले नको सांगू. त्याईच्या समोर बोल. त्याईचा हाय तं त्याईले बोल."

शेखरले हसूच आलं. पन त्यानं डब्बा काखेत धरला, पिढ्यासमोर वाकला, अन् नाटकातल्यावानी आवाज काढला, "मोठेबाबा! डब्बा तुमचा, खुर्ची तुमची. या, आरामात बसा. काही कमी पडलं तं घरातून घेऊन घ्या, लाजू नका!"

शारदाबाईचं तोंड उतरलं. "असं नाई म्हनत रे..."

"झालं ना आता? सरक."

अन् ते उंबरठ्याच्या आत गेलं.

मशीन चालली, भाऊ, अशी चालली! अभनपुरचं लग्न लोन्यावानी कापल्या जाऊन राहिलं. शेखर गरमी पाहाले गेला, कारन बंद डब्ब्यात असे पुर्जे तव्यावानी तापतात. तं आत थंडगार. त्यानं विकीले फोन लावला.

"झूठ बोलता है तेरा मीटर," विकी म्हने. "जिधर से हवा जाएगी नहीं, उधर से आएगी कैसे?"

शेखरनं डब्ब्याच्या मांगं हात नेला. गरम हवेचा झोत. पुढच्या तोंडाशी अगरबत्ती धरली, फटीफटीवरून फिरवली. धूर सरळ वर. डब्बा कुठूनच हवा घेत नव्हता. मंग फेकून काय राहिला होता? अन् त्या झोताले वास होता. ओली तंबाखू, गूळ, म्हाताऱ्या मानसाचं तोंड.

"अगरबत्तीचाच असन," शेखर म्हने. पोट्टा हुशार, सांगितलंच हाय मी.

दोन-चार दिवसातच शारदाबाईले दम लागाले लागला. आयुष्यात कधी साधा खोकला नाई त्या बाईले. कलावतीबाई म्हने, "हवा खराब हे दीदी, फैक्टरी के करिया धूर." अन् खरंच, गच्चीवर काळी भुकटी तं रोजच पडे. डॉक्टरनं बी तेच सांगितलं. पंप दिला. दोघंबी खुश, कारन सापडलं म्हनून.

पन एका दुपारी शेखरनं ऐकलं.

उकाडा होता, गल्लीत चिटपाखरू नाई. शारदाबाई आतल्या खोलीत चटईवर पडली होती. इकडे पिच्चर पुरा जोडून झाला होता, आता एकदाच मशीनले दाबून काम द्यायचं अन् आखरी फाईल काढायची. त्यानं बटन दाबलं. पंखा चढला, घूं... घूं... अन् आतल्या खोलीतून मायच्या श्वासाचा आवाज आला. हंऽ... हंऽ... हंऽ... त्याच तालात.

त्यानं काम थांबवलं. पंखा उतरला. आत श्वास हळू झाला.

त्यानं पुन्हा चालू केलं.

हंऽ... हंऽ... हंऽ...

कोनी म्हनन, एकदा समजलं तं पुन्हा काहून केलं? पन मानूस असाच असते. खात्री करासाठी आपल्या मायच्या छातीवर दुसऱ्यांदा पाय ठेवते. अन् ऐका, त्याहून खराब सांगतो. फाईल निघाले थोडीच बाकी होती. तेवढ्यात अभनपुरचा फोन वाजला. शेखरनं फोनकडे पाह्यलं, पडद्यावरच्या पट्टीकडे पाह्यलं... अन् थोडा वेळ, थोडाच, तो बसून राहिला.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

धावत गेला तं मायचे ओठ जांभळे. डोळे छताले लागलेले. हातानं ती हवा पकडून राहिली होती, अन् हवा होतीच नाई जशी. शेखर परत धावला, त्यानं भिंतीतून वायरच उपसली. पडदा काळा झाला. डब्ब्यावरचे लाईट विझले.

पंखा चालूच.

त्यानं पाना घेतला, बाजूचा पत्रा काढला. पेच सारे खाली सांडले. आत पाह्यलं. नवे पुर्जे चुपचाप, पंख्याची पाती थांबलेली. एकबी पातं हालत नव्हतं. तरी मांगून झोत येऊनच राहिला होता, अन् घूं... घूं... आवाज. आता तो आवाज पंख्याचा वाटेच ना. कफानं भरलेल्या छातीचा होता तो.

"मोठेबाबा..." शेखर हळूच म्हने. "सोडा तिले..."

डब्ब्याच्या आतून कोनी थुंकल्यावानी झालं. शेखरच्या मनगटावर काहीतरी ओलं, कोमट उडालं. काळं.

"शेखर..." माय सरपटत दारापर्यंत आली होती. "तूच बसवलं ना... तूच उठाव..."

त्यानं डब्बा उचलला. काय वजन झालं होतं, भाऊ! उचलून आनला तवा एका काखेत मावत होता. आता खुर्चीवर बसलेल्या मानसाले खुर्चीसकट उचलावं तसा. वायरा घासत, दात खात, त्यानं तो उंबरठ्यापर्यंत नेला अन् पिढ्यावर आपटला.

"उठा! उठा मोठेबाबा! घर तुमचं नाई, माह्या मायचं हाय. चाला बाहेर!"

आवाज थांबला. अन् मांगं शारदाबाईनं श्वास घेतला. तलावातून डोकं वर काढल्यावर घ्यावा तसा लांब... लयच लांब. घेतच राहिली. शेखर तिले मिठी मारून लहान पोरावानी रडला.

पुर्जे त्यानं दुसऱ्याच दिवशी काढून घेतले. काढून तुम्हीबी घेतले असते. डब्बा विकीनं भनपुरीच्या कबाड्याकडे दाबाच्या मशीनीत टाकला, चपटा होताना डोळ्यानं पाह्यला. अमावस्येले खेदा झाला. तोरईच्या पानावर उडदाचे बडे, दही, भात. शारदाबाईनं लोट्याचं पानी अंगनात सोडलं अन् हात जोडले, "जा बापा, आपल्या गावी जा." शेखर बाजूले उभा. त्यानंबी हात जोडले, या वेळी मस्करी नाई.

नवरात्र बसलं. नवा काचेचा डब्बा आला, समोरून जाळीच जाळी. मशीन चांगली तव्यावानी तापाले लागली अन् तापली म्हनून शेखरले बरं वाटे. अभनपुरचा पिच्चर जरा उशिरा गेला, तरी पार्टी खुश. माय तं अशी सुधरली का विचारू नका. पंप बंद. गच्चीच्या पायऱ्या चढे अन् दम लागे ना. कलावतीबाई म्हने, "दीदी तो जवान होगे." माय हसे, कढी करे, शेखरले शिव्या घाले. अष्टमीले तं बायाईसंग गरब्यात नाचली, सारी मंडळी धापा टाकून बसली, हीच एकटी उभी.

एका दुपारी जेवून ती चटईवर झोपली होती. शेखर बाजूले बसला होता. किती शांत झोपली म्हनून त्याले लाड आला. माशी बसली होती गालावर, ती हाकलाले त्यानं हात नेला, तं नाकाखाली कोमट हवा लागली बोटाले. चांगलं वाटलं. हात तसाच ठेवला.

हवा येऊन राहिली होती. त्यानं वाट पाह्यली, आता थांबन, आता श्वास आत जाईन. छातीकडे पाह्यलं. लुगड्याची घडी जशीच्या तशी, वर नाई, खाली नाई. अन् बोटावर ती हवा... बारीक, कोमट, एकसारखी... बाहेरच. बाहेरच येऊन राहिली.

"आई..." तो म्हने.

"हं?" ती डोळे न उघडता म्हने. गोड आवाजात. अन् ती बोलली, तरी हवा थांबली नाई.