फर्नांडिसच्या दुकानातले बोंबील

हरताळाच्या दुसऱ्या दिवशी गिरगावच्या मासळी बाजारात वासंतीला एक विचित्र माणूस दिसला. बाह्या दुमडून तो एका पाटीपुढे उकिडवा बसला होता आणि हातातला थर्मामीटर त्यानं पापलेटाच्या कल्ल्यात खुपसला होता.

"किती ताप आहे?" तिनं विचारलं, आणि मग जीभ चावली.

"बराच आहे," तो मान खालीच ठेवून म्हणाला. "काल बर्फाच्या गाड्या निघाल्या नाहीत. आज हा घेऊ नका."

"मग काय घेऊ?"

"वांगी." आता मात्र त्यानं वर पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"माझ्या गिऱ्हाइकाला वांगी खायला सांगतोय मेला," कोळीण करवादली. "उठ हितनं."

त्याचं नाव वीरेंद्र. माझगावला मासळी गोठवून ठेवायच्या एका कारखान्यात तो इंजिनीअर होता. वासंती बोटकंपनीत टायपिस्ट. पुढच्या सोमवारी ती पुन्हा बाजारात गेली. सोमवारी तिच्या घरी मासळी शिजत नसे. तोही आला होता, थर्मामीटर न घेता.

मग भेटी वाढल्या. चौपाटीवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती तेव्हा गर्दीचा लोंढा आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. लोंढा ओसरला तरी ते सोडलं नाही. वक्ता काय बोलला, ते दोघांनाही घरी सांगता आलं नाही.

पण मनातलं कोणीच बोललं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कंपनीनं त्याला दीड वर्षाच्या शिक्षणासाठी लंडनला धाडलं. धक्क्यावर तो म्हणाला, "पत्र लिहीन." ती म्हणाली, "लिहा."

त्यानं खरंच लिहिली. दर आठवड्याला एक निळं पत्र, आणि पत्रात फक्त खाणं. तिकडे गोदीजवळ फर्नांडिस नावाच्या गोव्याच्या माणसाचं दुकान होतं. पूर्वी तो बोटीवर खानसामा होता. आता काचेच्या झाकणाच्या पेट्यांत गोठवलेले जिन्नस विकायचा. वीरेंद्र दर शनिवारी तिथून एक नवं पुडकं घ्यायचा.

‘मटार खाल्ले. खिशातल्या गोट्यांसारखे वाजतात. शिजल्यावर रंग हिरवागार, चव मात्र कागदाची.’

‘भेंडी आणली. वितळल्यावर तिनं तारच सोडली नाही, म्हणून मीच ती सोडून दिली.’

‘आज बोंबील मिळाले. विटेसारखे कडक. तव्यावर टाकले आणि पाचव्या मिनिटाला तव्यात नुसतं पाणी. घरमालकिणीनं डिसेंबरात सगळ्या खिडक्या उघडल्या.’

वासंती ही पत्रं आईला वाचून दाखवी. यशोदाबाई पोळ्या लाटता लाटता हसत. "फारच खादाड दिसतो गं," त्या म्हणत. वासंतीही हसे. मग गॅलरीत जाऊन तेच पत्र पुन्हा वाचे... ओळींच्या मध्ये, कडेला, पत्त्याच्या घडीवर. दुसरं काहीच नसे.

वर्ष सरलं. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, दादरचं एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. त्याच आठवड्यात पत्र आलं: ‘इथली कंपनी आणखी तीन वर्षं राहा म्हणते. तुम्हाला काय वाटतं?’

तिला पहिल्यांदा राग आला. नंतर रडू आलं. मग तिनं ऑफिसातून आल्या आल्या, साडीही न बदलता, उत्तर लिहिलं.

‘मटारांची चव कळली, भेंडीची कळली. माझी आठवण येते की नाही, ते अजून कळलं नाही. एकदा तेवढं लिहा. मग राहा, नाहीतर या. अप्पांना मला रविवारी उत्तर द्यायचं आहे.’

पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला, तेव्हाच ती घरी वळली.

पहिल्या रविवारी तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या रविवारी अप्पा काही न विचारता तिच्याकडे बघत राहिले. आणि मंगळवारी पोस्टमन आला.

‘वासंती, मला मटार आवडत नाहीत. लहानपणापासून नाहीत. फर्नांडिसकडे मी खायला जातच नव्हतो. खोलीवर येऊन पत्र लिहायला बसलो की मनात एकच गोष्ट यायची आणि ती लिहायची हिंमत व्हायची नाही. म्हणून दर शनिवारी काहीतरी विकत आणायचो... तुला लिहायला काहीतरी हवं म्हणून. कंपनीला नाही म्हणून सांगितलं. ऑक्टोबरच्या बोटीनं येतोय. अप्पांना माझं नाव सांगशील?’

तुला. सांगशील. तिनं त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं.

"काय खाल्लं आज त्यानं?" आतून यशोदाबाईंनी विचारलं.

वासंतीनं पत्र घडी करून मुठीत धरलं. आज ते वाचून दाखवता येण्यासारखं नव्हतं. यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. लेकीच्या चेहऱ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि तिच्याजवळ बसल्या.

"कधी येतोय?"

"ऑक्टोबरात," वासंती म्हणाली. जून नुकताच लागला होता.

"चार महिने," यशोदाबाई म्हणाल्या. "अप्पांना मी सांगते. पण चार महिने तुलाच काढायचे आहेत, बाई."

वासंतीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.