केसभर उतरलेला सूर

पहिली तार

आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरताना त्याने व्हायोलिन काउंटरवर आदळलं, पण काखेतली काचेची बरणी तान्ह्या बाळासारखी जपली. बरणीच्या तोंडाला मलमल. आत डास.

“तार तुटलीये,” तो म्हणाला. “ह्यांना वाजवून दाखवताना.”

मी पेपरात त्याचा फोटो पाहिला होता. डासांच्या गुणगुणीवर एवढं मोठं बक्षीस मिळवलेला शास्त्रज्ञ... आणि कोटाचं बटण चुकीच्या काजात.

“आवडलं का त्यांना?”

“अर्धे उठून गेले.”

दुसरी तार

मी स्वरकाटा न वाजवता, नुसतं गुणगुणून तारा लावते. बाबा चिडतात— “स्वरकाटा काय शोभेला टांगलाय? तुझा सूर केसभर उतरलेला असतो.”

तो दर पंधरवड्याला येऊ लागला. कधी खुंटी सैल, कधी गज. एकदा तर काहीच बिघडलं नव्हतं.

“मग आणलंत कशाला?”

“बिघडेल,” तो म्हणाला. “थांबतो मी.”

बरणीला कान लावायला त्यानेच शिकवलं. “नर-मादी जवळ आले ना, की पंखांचा सूर बदलतात. जुळेपर्यंत.”

“आधी कोण बदलतं?”

तो माझ्याकडे बघत राहिला... मी खुंटी पिळत राहिले. तार तुटली.

तिसरी तार

मग तो दूर दलदलीच्या मुलखात निघाला. दोन वर्षांसाठी. जायच्या आदल्या दिवशी व्हायोलिन घेऊन आला. आज सांगायचंच, असं मी ठरवलं होतं.

“तुम्ही गेल्यावर मी—”

बाबा आतून आले.

“—म्हणजे, आज स्वरकाटा घेते,” मी म्हणाले. “तिकडे चार लोकांत वाजवाल. माझा सूर जरा उतरलेला असतो.”

“माहितीये. पहिल्याच दिवशी यंत्रावर मोजला.”

“मग बोलला नाहीत?”

“घरी मावशीचा पियानोच तुमच्या सुराइतका उतरवून घेतला. ती अजून विचारते, ह्याला झालंय काय.”

बाबा आल्या पावली आत गेले.

आधी कोण बदलतं, ते मला कळलं.

“गुणगुणा,” तो म्हणाला. “तोच सूर न्यायचाय.”

मी गुणगुणले. त्यावरून त्याने चारही तारा लावल्या... स्वतःच्या हातांनी, अगदी सावकाश.

चौथी तार

सात महिने झाले. कानाशी डास आला तर मी मारत नाही.

काल बाबांनी स्वरकाटा वाजवून पुढे धरला. “घे, ह्यावर लाव.”

मी कान दिला. “बाबा... काटाच चढा वाटतोय.”

बाबांनी काटा परत खिळ्याला अडकवला.