मधल्या खोलीचं दार

आमच्या मधल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनकडच्या जुन्या घरांत तसंच असतं. ओळीने तीन खोल्या. कडेच्या दोन माणसांच्या, मधली देवी श्रीची, म्हणजे भाताच्या देवीची. तिथे कुणी निजत नाही. सुगीची पहिली पेंढी, पाण्याचा घडा, मोगऱ्याची फुलं आणि कधी न वापरलेली गादी-उशी, एवढंच असतं. देवीला येता-जाता यावं म्हणून पडदा.

मला मात्र कडी हवी होती. माझी लेक पालुपी गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात माहेरी आली ती गालावर नवऱ्याची बोटं घेऊन. मागच्या वेळी हांडोकोने तिला केसांना धरून परत नेलं होतं. आता त्याचा निरोप आला, शुक्रवारची नमाज आटोपून येतो. कडेच्या खोल्यांना मोठ्या खिडक्या आहेत. तिन्ही बाजूंनी भिंत असलेली खोली घरात एकच होती.

सासूबाई म्हणाल्या, "देवीला कोंडतेस होय, सूनबाई?"

"पोरीला मारलं तेव्हा कुठं होती तुमची देवी?"

त्यांनी तोंड फिरवलं. माझं तोंड असंच आहे, फटकळ. लोकांना त्याची सवय आहे.

माझा भाऊ पार्यादी सुतार. त्याने चौकट वर, मध्ये, खाली अशी मापली. जुनी चौकट डावीकडे कललेली होती, ती आधी सरळ केली. घरातल्याच सागाच्या लांब फळीची दोन झडपांची कवाडं त्याने केली, आत उघडणारी. घाई कर, घाई कर, म्हणून मी त्याच्या डोक्यावर बसले होते. बुधवारी कवाडं लागली आणि एकमेकींना बेतशीर भिडली.

आम्ही चहा घेतला तेवढ्यात दोन्ही झडपा उघडल्या. करकर नाही, काही नाही. बारीक बाई आडवी होऊन जाईल एवढी फट पडली आणि त्या थांबल्या. पार्यादीने ओळंबा लावला. झुकाव नव्हता. त्याने बिजागरीखाली पातळ चिपाटी घातली, कड रंधून काढली. झडपा पुन्हा तेवढ्याच उघडल्या.

मी बाहेरच्या दोन्ही मुठींना दोरी बांधली, गाठ ओढून घट्ट केली. सकाळी झडपा उघड्या होत्या. दोरी बाजूच्या खुंटीला नीट लटकवलेली, आणि गाठ तशीच. सासूबाईंना खुंटीपर्यंत हात पोचत नाही. पालुपी माझ्या कुशीत झोपली होती.

शुक्रवारी पार्यादी कवाडापुढे उकिडवा बसून लाकडावर अंगठा फिरवत राहिला.

"ताई, चुकलो," तो म्हणाला. "फळी मधोमध कापली ना, तेव्हा डावी झडप उलटी झाली. बुडखा वर, शेंडा खाली."

आमच्यात लाकूड डोक्यावर उभं करत नाहीत. झाड रानात जसं उभं होतं तसंच घरात उभं राहायला हवं. सुताराच्या पोराला हे आधी शिकवतात. पार्यादीला नवी झडप करायची होती. मी नको म्हटलं, वेळ नव्हता. आतली कडी तेवढी आण, म्हणून त्याला बाजारात पिटाळलं.

पालुपीला मी आत बसवलं. झडपा उघड्याच होत्या. मी उंबऱ्याशी उभी राहिले. आता माझा संताप मावेना.

"बाई," मी रिकाम्या गादीला म्हटलं, "खोली तुझी, पोर माझी. राहायचं तर तिच्यासोबत राहा, नाहीतर चालती हो. पण दार लागणारच."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

झडपा हळूच भिडल्या. बाहेर मोटारसायकल थांबली.

हांडोको चपला न काढता आत आला. "आई, बाजूला व्हा. बायको आहे माझी."

"मुलगी आहे माझी."

त्याने मला ढकललं. मी खांबावर आदळले. त्याने दाराला खांदा दिला. एकदा. पुन्हा. झडप थरथरलीसुद्धा नाही.

"आतून कडी कुणी घातली?"

"कडी अजून बसलीच नाही," मी म्हटलं.

त्याने फटीला डोळा लावला.

बराच वेळ लावून ठेवला.

मग तो सरळ झाला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. माझ्याकडे न बघता तो बाहेर गेला. मोटारसायकल त्याने चालू केली नाही. नाक्यापर्यंत ढकलत नेली.

मी दाराला बोट लावलं. ते लगेच उघडलं.

पालुपी गादीच्या अगदी कडेला बसली होती, बाकीची जागा मोकळी सोडून. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, आई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी मागे सरले नाही. राहा म्हटलं होतं, ती राहिली.

उशीवर डोक्याएवढा खळगा पडला होता, आणि तो श्वासागणिक किंचित वर-खाली होत होता.