बदल्यात कोण?

धाराशिवला भरतीची परीक्षा होती, दुपारी दोनची. साडेतीन झाले तरी गेट उघडेना. सर्व्हर डाऊन म्हणे! सकाळी सातच्या एसटीनं मुरुमहून निघालेली मी, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि अख्ख्या रस्त्याला लिंबाचं एकच झाड. त्याच्या सावलीत एक पोरगा पाय पसरून बसलेला, डोकं फोनमध्ये.

"जरा सरकता का? का सावली सातबाऱ्यावर चढवलीय?"

माझी जीभ अशीच आहे. आई म्हणते, सासरी गेलीस की कळंल.

तो सरकला, पण वर बघायचं नाव नाही. मग एकदम मांडीवर थाप मारली. "हाणला! ईटला पाचवा गोल!"

"कुणाला?"

"ईटला. भूमकडचं ईट. आमच्या बेंबळीनं धुतलं बगा. आईस हॉकीत."

मी त्याच्याकडं बघितलं, मग समोरच्या फुफाट्याकडं. "आन बर्फ कुठाय?"

आता कुठं त्यानं मान वर केली. डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं आता सांगून काय उपयोग. हसला आणि म्हणाला, "बर्फ समजायचा."

श्रीनाथ त्याचं नाव. बेंबळीचा, कंप्युटर शिकलेला, माझ्यासारखाच भरतीच्या मागं लागलेला. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी फोनवर एक लीग काढली होती. आठ गावांचे आठ संघ, खेळाडू सगळे बनावट. दर रविवारी दुपारी सामने कंप्युटरच खेळायचा. आपण फक्त संघ लावायचा आणि निकाल बघून बोंबलायचं. खरा खेळ त्या आठातल्या एकानंही डोळ्यांनी बघितलेला नव्हता.

"ईटचा मॅनेजर आत्ताच कटाळून पळाला," तो म्हणाला. "तुमी घेता का टीम?"

"मी मुरुमची. मुरुम द्या की."

"मुरुम गेलं. ईट तेवढं शिल्लक हाय."

"शेवटच्या नंबरचं?"

"घ्या ओ. दगडापेक्षा ईट मऊ."

आमच्याकडं विटेला ईटच म्हणतात. मी हसले. हसले तिथंच फसले.

एक नियम मात्र त्यानं बजावून सांगितला, सातवा. खेळाडू फुकट कुणाला द्यायचा नाही. एक द्या, एक घ्या. पहिल्या वर्षी दोस्तांनी दोस्तांना चांगले खेळाडू असेच वाटून टाकले आणि पार डोकी फुटायची वेळ आली, म्हणून हा नियम. आणि ह्या अदलाबदलीला लीगमध्ये सगळे म्हणायचे — साटंलोटं. शब्द सोयरिकीतला. ह्या घरची पोरगी त्या घरी, त्या घरची पोरगी ह्या घरी.

"नाव म्याच ठिवलं," श्रीनाथ ऐटीत म्हणाला. मलाही तेव्हा लई गंमत वाटली.

मग काय, मी ईटची मॅनेजर झाले. गोलकीपरचं नाव बदलून धोंडीबा केलं. धोंडीबा म्हणजे आमचे आजोबा. गोफण घेऊन ज्वारीत उभे राहिले की चिमणीची टाप नव्हती कणसाला चोच लावायची. नावाचा गुण असेल नाहीतर काय, धोंडीबापुढं कुणाची डाळ शिजेना. ईट आठव्यावरून सहाव्यावर आली, मग पाचव्यावर.

दर रविवारी निकाल लागला की श्रीनाथचा फोन. 'तुमी' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"धोंडीबा दे की."

"बदल्यात कोण?"

"बंडप्पा घे."

"त्याचे गुडघे गेल्यात. नको."

"मग मी येतो."

"तू? तुझा बचाव किती?"

"लोकांपुढं नव्वद. तुझ्यापुढं..."

"सांग की."

"शून्य, बाई. पार शून्य."

मी फोन ठेवून दिला आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली.

मे महिन्यात आम्ही नळदुर्गच्या स्टँडवर भेटलो, दोघांना मधे पडतं म्हणून. रसवंतीवाल्याकडून त्यानं बर्फाचा एक खडा मागून घेतला. माझ्या तळहातावर ठेवला... आणि वर त्याचा तळहात.

"आधी हात काढंल त्यो हरला."

बर्फ चावत होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बांगड्या भिजल्या. लोक बघत होते. बघेनात का!

"गारठलीस?"

"तूच गारठशील."

बर्फ संपला. हात कुणीच काढला नाही.

"सामना बरोबरीत," मी म्हणलं.

"अर्पिता... घरी येऊन बोलू का तुझ्या?"

"दादाचं ठरू दे आधी. मग ये."

हे 'दादाचं ठरू दे' आमच्या घरात पाच वर्षं चाललेलं. कुमारदादा चौतिशीचा. सरळ माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, पण शेती करतो. पोरगा काय करतो? शेती. मग कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. एकोणीस पोरी बघितल्या. दर उन्हाळ्यात पाहुणे येतील म्हणून दादा स्वतः घराला रंग द्यायचा, आणि दर पावसाळ्यात तो रंग उडायचा. त्याचं झाल्याशिवाय माझं बघायचं नाही, असं आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलेलं. मला वाटायचं, बरंय की. तेवढीच श्रीनाथला सवड.

दसऱ्याला लीगचं मध्यंतर झालं. बेंबळी दुसरी, आणि आमची ईट तिसरी! साटंलोट्याला अजून पंधरा दिवस मुभा, त्यानंतर हंगाम संपेपर्यंत बंद. त्याच आठवड्यात कर्नाटकातल्या आळंदकडून पाहुणे आले. मुलगी दैवशाला, तिची आई लक्ष्मम्मा. दादाला बघायला आलेल्या बाईनं कानडीत 'बा, कूतको', ये बस, म्हणत मलाच हाताला धरून शेजारी बसवलं, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पाहुणे गेले. आण्णा म्हणाले, "पोरगी द्यायला तयार हायेत. पर साटंलोटं म्हणतेत."

आणि मी हसले. खरंच, फस्सकन हसले. माझ्या डोक्यात त्या शब्दाला धोंडीबा आणि बंडप्पाच चिकटलेले. कुणीच हसलं नाही. आई पदराला हात पुसत माझ्याकडं बघत होती. मग कळलं.

"दैवशालाचा थोरला भाऊ हाय, गौरीशंकर," आई म्हणाली. "खताचं दुकान हाय. त्याचंबी कुठं जमंना. वाईट न्हाय गं पोरगा... दगडापेक्षा ईट मऊ, पोरी."

ही म्हण तिनं बोलायला नको होती. बाकी काहीही बोलली असती तरी चाललं असतं.

दुपारी मी श्रीनाथला लिहिलं — साटंलोटं ठरलं.

लगेच उत्तर. "अरे वा! अभिनंदन मॅनेजर! कोण देतीस? कोण घेतीस?"

मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "देतेत मला. घेतेत वहिनी."

एक हसरा चेहरा आला. मग फोन वाजायला लागला. वाजू दिला, आठ वेळा.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात हजर! इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आण्णांनी बसायला सांगितलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. सगळं जुळत होतं. जातीपासून शेतीपर्यंत सगळं. आण्णा मान डोलवत होते.

"मला तुमच्या अर्पिताला मागणी घालायचीय," श्रीनाथ म्हणाला. "आमचं दोघांचंबी मन हाय."

आण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर मी बाहेर येऊन भांडले असते. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, तुमाला बहीण हाय का?"

"...न्हाय."

"चुलत?"

"न्हाय जी. आमी दोघं भाऊच."

"मग चहा घ्या," आण्णा म्हणाले.

त्यानं चहा घेतला. कप खाली ठेवताना दाराकडं एकदा बघितलं. मी बाहेर आले नाही. इतकी तोंडाळ मी, एरवी कुणाच्या बापाला न ऐकणारी, आणि तेव्हा उंबरा ओलांडता आला नाही.

संध्याकाळी दादा गोठ्यात आला. मी वैरण टाकत होते.

"अर्पे, खरं सांग. तुजं त्या पोरावर मन हाय का? असंल तर आत्ता मोडतो. मला काय, मी राहतो असाच."

मनापासून बोलत होता. पण त्यानं मिशीला कलप लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा. नीट जमला नव्हता, ओठाच्या वर कातडीला काळा डाग पडला होता. त्या डागाकडं बघत मी म्हणलं, "न्हाय रे दादा. त्यो हॉकीवाला हाय. खेळ नुसता."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं लगेच विश्वास ठेवला. अजून एकदा विचारायचं होतं रे! एकदाच. ते मला अजून सलतं.

साटंलोट्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस. मी लीग उघडली. खेळाडू : धोंडीबा. कुठून : ईट. कुठं : बेंबळी. खाली चौकट होती — बदल्यात कोण? ती मी रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली. नामंजूर. नियम सात.

तासाभरानं लीगचं मध्यंतराचं बातमीपत्र आलं. दर वेळी श्रीनाथ त्यात कुणाकुणाची टर उडवायचा, ह्या वेळी तीनच ओळी होत्या. "नियम सात आजपासून रद्द. ज्याला जिथं जायचं त्यानं जावं, बदल्यात कुणी लागणार न्हाय. धोंडीबा बेंबळीला आला, त्याला सांभाळीन."

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. एका तासात मोडता येतो होय नियम! नुसतं एका माणसानं मोडायचं म्हणलं की झालं? मग आमच्या घरात चार माणसं होती, त्यातली एक मी होते. एकटा दादा म्हणाला, बाकी कुणीच का म्हणलं नाही? मी तरी का नाही म्हणलं?

तुळशीचं लग्न झाल्यावर एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. दैवशाला माझी वहिनी, मी तिची वहिनी. साट्यालोट्यातली मेख सगळ्यांना माहीत असते. एकीला तिकडं त्रास झाला की दुसरीला इकडं होतो. म्हणून दोघींनीही सुखात दिसायचं. निरोपाच्या वेळी तिनं माझा हात घट्ट दाबला. तिचंही कुणी होतं का, मी विचारलं नाही. तिनंही नाही.

गौरीशंकर माणूस वाईट नाहीत. खरंच नाहीत. एका रविवारी दुपारी दुकान बंद करून आले. मी दाराच्या चौकटीत बसून निकाल बघत होते. धोंडीबानं बेंबळीसाठी एकही गोल जाऊ दिला नव्हता. ईट परत आठवी.

ते शेजारी टेकले, फोनमध्ये डोकावले. "ह्ये काय बघायलाव?"

"आईस हॉकी."

"हितं? गावाकडं?" ते हसले. "आन बर्फ कुठाय?"

मी उठून चहा आणला, कपबशी त्यांच्या हातात देताना थोडा बशीत सांडला. त्यांनी बशीतला पिऊन टाकला. वाट बघत होते, मी काय सांगते त्याची.

"समजायचा," मी म्हणलं.