स्केलथॉर्पची वाट

म्युरियल पास्क बसमधून उतरली तेव्हा समुद्रावरचा वारा सरळ अंगावर आला. रस्ता कड्यापाशी येऊन तुटला होता, डांबराची कड हवेत लोंबत होती. यॉर्कशरच्या या किनाऱ्याची माती मऊ. दर हिवाळ्यात समुद्र तिचा लचका तोडतो. तुटलेल्या रस्त्यालगतच्या शेवटच्या घरात तिचा थोरला भाऊ डेझमंड वसंतापासून एकटा राहत होता. घर कधीही ढासळेल, असं कौन्सिलने बजावलं होतं. त्याला घेऊन जायलाच ती आली होती.

डेझमंड जन्मभर जमिनी मोजणारा माणूस, फुटपट्टीबाहेरचं काही मानत नसे. निवृत्तीनंतर त्याला आपल्या आडनावाचं वेड लागलं. स्केलथॉर्प. थॉर्प म्हणजे वाडी. याच किनाऱ्यावर त्या नावाची वाडी होती. ती सोडून परमुलखात गेलेल्यांना लोक वाडीच्याच नावाने ओळखू लागले आणि तेच आडनाव झालं. वाडी मात्र सहाशे वर्षांपूर्वी चर्चसकट पाण्यात गेली. ती जागा तरी बघून येतो म्हणून तो निघाला, आणि परतलाच नाही.

दार त्यानेच उघडलं. तब्येत सुधारलेली, गाल वाऱ्याने लाल. त्याने चहा ठेवला, राय धान्याची पावरोटी कापली. पाव अजून गरम होता. कुठून आणलास, असं तिने विचारलं. आजूबाजूला दुकान नव्हतं आणि घरात पाव भाजायची सोय तर नव्हतीच.

"ॲलिसने दिला," तो म्हणाला.

कोण ॲलिस, ते त्याने सांगितलं नाही. दाराशी त्याचे बूट होते. कड्याची माती तांबूस. बुटांना चिकटली होती ती काळीभोर, नांगरटीची, ओली.

तिने बॅग भरायला घेतली. तो आडवा आला नाही. कौन्सिलचं पत्र, घराच्या भिंतीला गेलेली भेग, सगळं तिने बोलून दाखवलं. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. मध्येच त्याने खिडकीकडे बोट केलं.

"हा उतार उतरलं की चर्च. पलीकडे सामायिक कुरण. मी मोजलंय सगळं, म्युरियल. साखळी टाकून."

तिने पाहिलं. राखाडी पाणी, आणि त्यावरून सरकत येणारं धुकं.

"डेझमंड, तिथे समुद्र आहे."

"तुला तसंच दिसणार," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती, कीवच होती. "तू पास्क झालीस ना."

दुपार कलायच्या आत धुकं अंगणात शिरलं. डेझमंडने मान वर करून कानोसा घेतला आणि बूट चढवले. तिने त्याची बाही धरली. चल घरी, म्हणून विनवलं. लहानपणी रागावायची तशी रागावलीसुद्धा.

"नांगरणी खोळंबलीय गं," तो म्हणाला. तिची बोटं त्याने एकेक करून हलकेच सोडवली.

तो डांबराच्या कडेपर्यंत गेला. थांबला नाही.

म्युरियलने डोळे मिटले. पडल्याचा आवाज येईल म्हणून श्वास रोखून उभी राहिली.

आवाज आला नाही.

खडीवर बूट वाजत होते. एका चालीने, दूर, समोर जात होते.

मग धुक्यातून एका बाईने सहज विचारलं, "आलास?"

पोलिसांनी किनारा धुंडाळला. प्रेत खाली दक्षिणेला लागेल, असं सार्जंट म्हणाला. ते कुठेच लागलं नाही. महिनाभरात घरही गेलं.

म्युरियल लिंकनला परतली. तो पाय घसरून पडला, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि दिवसा ते स्वतःलाही पटवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हिवाळा तिने कसाबसा काढला. वसंत लागताच तिने बँकेत, टपालात कळवून माहेरचं आडनाव परत घेतलं. कारण विचारणाऱ्यांना म्हणाली, उगीच, वाटलं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा त्या बसमधून उतरली. ऊन स्वच्छ होतं. हातातली छोटी बॅग पाहून ड्रायव्हरने तिला हाक मारली.

"पुढे रस्ता नाही हो, बाई."

ती ऐकत नव्हती. डांबराच्या कडेशी ती बाजूला सरून उभी होती, मेंढ्यांचा कळप समोरून चढून वर येईपर्यंत.